मुलाचे कोण?

बाललैंगिक अत्याचाराचा खटला चालतो त्या दालनात जवळपास प्रत्येकाचे कोणीतरी असते. आरोपीला वकील असतो. परवडत नसेल तर सरकार देते. सरकारी वकील राज्याच्या वतीने उभे राहतात. गुन्हा सिद्ध करणे हे त्यांचे काम, आणि त्या दिवशी त्यांच्या टेबलावर इतरही फायलींचा ढीग असतो. तपास अधिकारी पोलीस खात्याचा असतो. न्यायाधीशांनी तर कुणाचेच असता कामा नये. उरते ते सात, अकरा किंवा पंधरा वर्षांचे मूल. गुन्हा घडला तो त्याच्यावर, पण खटल्याच्या कागदांत ते सरकार पक्षाच्या साक्षीदारांपैकी एक असते. त्या दालनात त्या मुलाचे कोण, या प्रश्नाला आपण अजून धड उत्तर दिलेले नाही.

उत्तर कायद्यात आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी लागू झाला. त्याच्या २०२० च्या नियमांनी एका खास माणसाचे काम तपशीलवार सांगितले. कायद्याच्या भाषेत तो ‘सपोर्ट पर्सन’. बाई असो वा पुरुष, आपण त्याला सोबतीचा माणूस म्हणू. अंधार पडल्यावर शेजारच्या वाडीपर्यंत जायचे असले तरी पोराबाळांना सोबत द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मात्र पोलीस ठाणे, रुग्णालय, दंडाधिकारी, विशेष न्यायालय या आयुष्यातल्या सर्वांत अवघड वाटेवर आपण कितीतरी मुलांना सोबतीविना धाडत आहोत. कायद्यात जागा आहे, नेमणुकीचा अधिकार आहे, मानधनाचीही तरतूद आहे, आणि तरीही मुलाशेजारची खुर्ची रिकामी राहते. याकडे आणखी डोळेझाक करणे राज्याला परवडणार नाही.

नियम काय सांगतात ते आधी नीट पाहू. गुन्ह्याची खबर मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी ती बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायची. आरोपी मुलाच्याच घरात राहत असेल, तर या मुलाने आता राहायचे कुठे, याचा निर्णय समितीने तीन दिवसांत घ्यायचा. मुलाच्या व पालकांच्या संमतीने समिती सोबतीचा माणूस नेमू शकते. तपासापासून खटला संपेपर्यंत त्याने मुलाच्या बरोबर राहायचे. प्रत्येक टप्प्यावर काय चालले आहे ते मुलाला आणि पालकांना समजेल अशा भाषेत सांगायचे. कानावर आलेले कुठेही बोलायचे नाही. मुलाची तब्येत, मनःस्थिती आणि घरातले वातावरण यांचा अहवाल दर महिन्याला समितीला द्यायचा. अशा माणसांची नोंदवही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवायची, आणि त्यांचे मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी असता कामा नये. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समितीने शिफारस केली, की आठवडाभरात कुटुंबाला पैसे मिळाले पाहिजेत, अशीही तरतूद आहे. अत्याचाराने मोडलेल्या घरात ही तरतूद कुणाला ठाऊक असणार? ती सांगणे, अर्ज लिहून देणे, पैसे हातात पडेपर्यंत पाठपुरावा करणे, हेच सोबतीच्या माणसाचे काम.

तो नसतो तेव्हा काय होते? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते, की पोक्सोच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. तो घरातला असतो, नात्यातला असतो, शेजारचा असतो. त्यामुळे तक्रार झाली त्या दिवसापासून दडपण सुरू होते आणि ते आपल्याच माणसांचे असते. पोरीचे लग्न व्हायचे आहे. याच गावात राहायचे आहे ना. झाले गेले गंगेला मिळाले. आई मजुरीला जाणारी. तारीख पडली की तिचा रोज बुडतो. एसटीने जिल्ह्याच्या गावी जायचे, दिवसभर न्यायालयाच्या व्हरांड्यात बसायचे आणि दुपार टळल्यावर कळते, की समोरच्या वकिलांनी मुदत मागितली आहे, पुढची तारीख मिळाली आहे. त्याच व्हरांड्यात, समोरच्या बाकावर, आरोपीच्या घरची माणसे बसलेली असतात. साक्ष देताना मूल आरोपीच्या समोर येऊ नये, याची काळजी कायद्याने घेतली आहे. पण व्हरांड्यात पडदा नसतो.

महाराष्ट्राच्या भूगोलाने ही वाट आणखी लांब केली आहे. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. मधल्या काळात निघालेले समन्स कुलूप लावलेल्या दारापाशी पोहोचते. नंदुरबारच्या पाड्यावरची मुलगी घरी पावरी बोलते, मेळघाटातली कोरकू, भामरागडची माडिया. तिचा जबाब मात्र मराठीत लिहिला जातो. दुभाष्याची सोय कायद्यात आहे, पण दुभाषी हवा असे म्हणायला तरी कुणी लागते. आठ वर्षांची मुलगी ते कसे म्हणणार?

न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटल्याचा निकाल, असे कायदा सांगतो. त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द हळूहळू सगळा कायदा व्यापून बसला आहे. दहाव्या वर्षी घडलेले तेराव्या वर्षी वारासकट, वेळेसकट सांगावे लागते. मधल्या तीन वर्षांत मूल ते विसरायला धडपडलेले असते आणि घरच्यांनीही विसर म्हणून विनवलेले असते. मग उलटतपासणीत ते गप्प होते, किंवा आठवत नाही म्हणते. साक्षीदार फितूर झाला, अशी नोंद होते. फितूर हा शब्द आपण गडाचे दरवाजे शत्रूला उघडून देणाऱ्यासाठी वापरत आलो. तीन वर्षे एकटे ठेवून दमवलेल्या लेकराला तो लावताना आपली जीभ अडखळली पाहिजे. त्या गडावर शिबंदी ठेवण्याची जबाबदारी आपली होती.

अशी मुले मूठभर नाहीत. २०२२ मध्ये देशात मुलांविरुद्धच्या १,६२,४४९ गुन्ह्यांची नोंद झाली, त्यातले सुमारे चाळीस टक्के पोक्सोखालचे होते. महाराष्ट्रात २०२१ मध्ये मुलांविरुद्धचे १७,२६१ गुन्हे नोंदले गेले. पुढच्याच वर्षी तो आकडा २०,७६२ झाला. नोंद वाढण्याचा एक अर्थ असाही आहे, की लोक लाजेचा आणि भीतीचा उंबरठा ओलांडून तक्रार करू लागले आहेत. तो अर्थ खरा असेल, तर आपली जबाबदारी वाढते. विश्वास टाकून पुढे आलेल्या कुटुंबाला व्यवस्थेने पहिल्याच पायरीवर एकटे सोडले, तर शेजारचे घर पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरील अत्याचाराने राज्य हादरले. २० ऑगस्टला माणसे रुळांवर उतरली, लोकल तासन्‌तास थांबल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवण्यातल्या दिरंगाईबद्दल पोलिसांना खडे बोल सुनावले. तो संताप खरा होता, त्याला आम्ही कमी लेखत नाही. पण संताप एका दिवसाचा असतो आणि खटला हजार दिवसांचा. रुळांवर उतरलेल्या हजारोंपैकी दहा जण जिल्ह्यातल्या कुठल्याही एका मुलाबरोबर पुढच्या दहा तारखांना व्हरांड्यात बसायला तयार आहेत का, हे कुणी विचारले नाही. फाशीची मागणी करताना आपण आरोपीकडे पाहत असतो. तेवढ्या वेळात मुलाकडे कुणाचेच लक्ष नसते.

सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव ओळखली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये न्या. एस. रवींद्र भट आणि न्या. अरविंद कुमार यांच्या पीठाने ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर निकाल देताना स्पष्ट केले, की मुलाची जखम केवळ गुन्ह्याने होत नाही, नंतरच्या दिवसांत आधार मिळाला नाही की ती चिघळते. सपोर्ट पर्सनची गरज पालकांच्या मर्जीवर सोडू नये, प्रत्येक प्रकरणात हा हक्क त्यांना सांगितला गेलाच पाहिजे, असेही न्यायालय म्हणाले. ते प्रकरण उत्तर प्रदेशातले होते. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने दुबळ्या साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारायला सांगितले. अशी केंद्रे हवीतच. खोली बांधता येते, भिंतीवर फुलपाखरे रंगवता येतात. पण त्या खोलीत मुलाशेजारी बसणारा माणूस कोणताही बांधकाम विभाग देऊ शकत नाही.

सोबतीच्या माणसाचे दुसरे काम ऐकण्याचे आहे आणि त्याकडे आपले आणखी दुर्लक्ष झाले आहे. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीने कुणाबरोबर गेली, घरच्यांनी तक्रार केली, पोलिसांनी तिला शोधून आणले आणि घरी जायला ती नकार देते म्हणून तिची रवानगी बालगृहात झाली, अशीही प्रकरणे पोक्सोखाली येतात. पश्चिम बंगालमधल्या, स्वतःहून घर सोडून गेलेल्या पण वयाने याहून लहान अशा एका मुलीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमून तिचे म्हणणे जाणून घेतले. २३ मे २०२५ रोजी आदेश देताना न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुईयां यांच्या पीठाला मान्य करावे लागले, की या मुलीला कायद्यातल्या गुन्ह्यापेक्षा त्यानंतरची पोलीस, न्यायालय आणि एकटेपणाची फरफट अधिक छळून गेली. समाजाने, घराने आणि यंत्रणेने तिला साथ दिली नाही. तिच्यापुढे कोणते पर्याय आहेत हेच तिला वेळेवर कुणी सांगितले नव्हते. कायद्याने संमतीचे वय किती ठेवावे यावर मतभेद असू शकतात. मुलीला तिचे म्हणणे विचारावे, यावर मतभेद असण्याचे कारण नाही.

खटला नसलेली, पण तितकीच पोरकी मुले बालगृहांत आहेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे आणायचे, १५ दिवसांत त्याच्या घरादाराचा सामाजिक तपास करायचा, चार महिन्यांत चौकशी संपवायची, असे बालन्याय कायदा सांगतो. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. मूल आईकडे परत जाईल, मामाकडे राहील, बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपयांच्या आधारावर आजीजवळ वाढेल, की अठरा वर्षांचे होईपर्यंत संस्थेतच राहील, हे ती पाच माणसे पुढ्यातल्या कागदांवरून ठरवतात. कागद लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यावर अनेक मुलांचा भार असतो. त्या एका मुलाला ओळखणारे, त्याला कुणाची आठवण येते, रात्री तो कशाने दचकतो हे सांगू शकणारे तिथे कोण असते?

अमेरिकेत हाच प्रश्न १९७७ मध्ये सिएटलच्या एका न्यायाधीशाला पडला होता. डेव्हिड सूकप यांच्यापुढे छळ आणि हेळसांड सोसलेली मुले येत. त्यांना आईबापांपासून तोडायचे की परत द्यायचे, हा निर्णय अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागे, आणि तो चुकला तर काय, या विचाराने ते अस्वस्थ होत. त्यांनी साध्या नागरिकांना विचारले, की प्रशिक्षण घेऊन अशा एकेका मुलाच्या वतीने न्यायालयात बोलाल का? पहिल्याच बैठकीला पन्नास जण आले. त्यातून उभी राहिलेली चळवळ ‘कासा’ नावाने देशभर पसरली. हे स्वयंसेवक वकील नसतात. एका वेळी एखाद-दुसऱ्याच प्रकरणात लक्ष घालतात. मुलाला, त्याच्या शिक्षकाला, डॉक्टरांना, सांभाळणाऱ्या घराला नियमित भेटतात आणि मुलाचे हित कशात आहे ते न्यायाधीशांपुढे मांडतात. आपल्या सोबतीच्या माणसाचे काम याहून वेगळे आहे. तो मुलाला आधार देतो, निवाडा सुचवत नाही. पण दोहोंच्या मुळाशी एकच समज आहे. शंभर मुलांमागे एक कर्मचारी ही व्यवस्था असते. एका मुलामागे एक माणूस हे नाते असते. मुलाला दोन्ही लागतात.

आपल्याकडे सेवाभाव कमी नाही, त्याला शिस्त कमी आहे. बालगृहात वाढदिवस साजरा करायला जाणारी कुटुंबे प्रत्येक शहरात आहेत. केक कापतात, खाऊ वाटतात, मुलांबरोबर छायाचित्रे काढून निघून जातात. त्यांची भावना चांगलीच असते. पण संध्याकाळी दाराशी उभे राहून गाडी वळेपर्यंत हात हलवणाऱ्या मुलाच्या मनात काय उमटते, याचा विचार आपण करत नाही. आयुष्यात येऊन निघून गेलेल्या माणसांची त्याची यादी आधीच मोठी असते. त्याला वर्षातून एकदा येणारा पाहुणा नको आहे. दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी न चुकता येणारे एक माणूस हवे आहे.

यावर आक्षेप घेतले जातील. परके माणूस मुलाजवळ पाठवणे धोक्याचे नाही का? आहे, आणि म्हणूनच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, प्रशिक्षण, दरमहा अहवाल आणि समितीची देखरेख यांत तसूभरही ढिलाई चालणार नाही. हे काम ज्याला-त्याला देण्यासारखे नाही. समाजकार्य, मानसशास्त्र, बालविकास यांचे शिक्षण किंवा मुलांसोबतच्या कामाचा भक्कम अनुभव त्याला हवाच. पैसा कुठून येणार, असेही विचारले जाईल. बाल न्याय निधीतून किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडील निधीतून मानधन द्यावे, असे नियमांतच आहे. पैसा नसल्याचे कारण पुढे करण्याआधी, सरकारने किती नेमणुका केल्या आणि किती मानधने वेळेवर दिली, याचा हिशेब मांडावा.

महाराष्ट्र या कामात नवखा नाही. इथे १९२४ मध्ये मुंबई बालक कायदा झाला आणि १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. अलीकडे ‘मजलिस’ संस्थेच्या ‘राहत’ उपक्रमाने अत्याचारित स्त्रिया आणि मुलींना पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सोबत देऊन हे काम कसे करायचे ते मुंबईत दाखवून दिले. मुंबईत जे जमले ते गडचिरोलीत आणि धाराशिवमध्ये का जमू नये?

म्हणून सरकारपुढे आमच्या मागण्या नेमक्या आहेत. पोलिसांचा अहवाल बालकल्याण समितीकडे येताच त्याच बैठकीत सोबतीचा माणूस देऊ करावा. कुटुंबाने नकार दिला, तर कारणासह नोंद करावी आणि महिन्याभराने पुन्हा विचारावे, कारण पहिल्या आठवड्यात भेदरलेले आईबाप कुठल्याही परक्याला नाहीच म्हणतात. प्रत्येक जिल्ह्याने दर तीन महिन्यांनी, एकाही मुलाची ओळख उघड न करता, दोन आकडे जाहीर करावेत: पोक्सोखाली किती मुले आली आणि त्यांतल्या किती जणांना सोबत मिळाली. आज हे दोन आकडे आपल्या जिल्ह्यापुरते कुणा जागरूक नागरिकाने शोधून पाहावेत. ते शोधताना होणारी दमछाकच सारे सांगून जाईल. बालगृहातला कर्मचारीही सपोर्ट पर्सन होऊ शकतो, असे नियम म्हणतात. पण तक्रार त्याच संस्थेविरुद्ध असेल, तर बाहेरचाच माणूस नेमावा. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेची मदत, अंतरिम भरपाई आणि तातडीचा खर्च यांची माहिती पहिल्याच दिवशी मराठीत आणि मुलाच्या घरच्या बोलीत दिली जावी.

वाचकांपुढेही आमचे एक मागणे आहे. या राज्यात निवृत्त शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून आयुष्य घालवलेल्या बाया आहेत, समाजकार्य महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणारे तरुण आहेत. मुलांना समजून घेण्याची त्यांची विद्या घरात पडून आहे. त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन नोंदवहीत नाव घालावे, किंवा या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेशी जोडून घ्यावे. नाव घालण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: पुढची दोन-तीन वर्षे मी या एका मुलाची एकही तारीख चुकवणार नाही ना? उत्तराची खात्री नसेल, तर थांबावे. अर्ध्यावर सुटलेला हात न धरलेल्या हातापेक्षा जास्त दुखतो. ज्यांना हे काम झेपणार नाही, त्यांनी आपल्या आमदाराला, जिल्हाधिकाऱ्याला, वकील संघाला ते दोन आकडे विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.

मुलाची ओळख गुप्त राहावी म्हणून न्यायालयात त्याचे नाव पुकारायचे नसते; पुकारा होतो तो खटल्याच्या क्रमांकाचा. उद्या सकाळी राज्यातल्या कुठल्या तरी विशेष न्यायालयात असा एक क्रमांक पुकारला जाईल. व्हरांड्यातल्या बाकावरून एक मूल उठेल, दाराकडे पाहील, क्षणभर थबकेल. त्याच्याबरोबर त्या बाकावरून आणखी एक माणूस उठला पाहिजे.